दाजींना आणायला शारजाला

शारजाहून परतल्यापासून गावात मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, ती जगातली सगळ्यात उंच इमारत पाहिली का? पाहिली. चालत्या गाडीतून, डाव्या हाताला, एका पुलाच्या कठड्यावरून. उंच आहे. दुसरा प्रश्न, दाजी कुठायत? याचं उत्तर लांबलचक आहे आणि एसटी स्टँडवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढतोय.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. गेल्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीतली बहुतेक वर्षं पहिलीच्या वर्गावर गेली, कारण पहिली कुणालाच नको असायची आणि मला नाही म्हणायची सवय नव्हती. माझी थोरली बहीण अक्का लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यामागोमाग शारजाला गेली ती तिथेच राहिली. दाजी म्हणजे विलासराव. तासगावच्या पेठेत एका सुताराच्या हाताखाली शिकलेला माणूस. तिकडे त्यांनी फर्निचरचा कारखाना उभा केला. स्वयंपाकघरांची कपाटं, दुकानांचे काउंटर, ऑफिसांची पार्टिशनं. जाताना त्यांना एक मराठी येत होती. तिथे गेल्यावर हिंदी, इंग्रजी, कामापुरती अरबी आणि भांडणापुरती मल्याळम आली.

यंदा थंडी सरता सरता दाजींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. नंतर काही आठवड्यांनी अक्काचा फोन आला.

"दत्ता, तू ये आणि आम्हाला घेऊन जा. आता गावालाच राहायचं ठरलंय. मंदार बघेल इथलं."

"दाजी तयार आहेत?"

"त्यांनी स्वतः हो म्हटलंय. सगळ्यांदेखत."

मंदार हा त्यांचा मुलगा. त्याने फोनवरूनच तिकिटं काढली. जाताना एक, येताना तीन. तिथल्या विमानतळावर एका यंत्राने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मी तोच आहे हे लगेच मान्य केलं. आमच्याकडे पेन्शनच्या वेळी हेच पटवून द्यायला माझी अख्खी सकाळ गेली होती.

अल मजाज

अक्काचं घर शारजाच्या या भागात, उंच मजल्यावर. खिडकीतून खाली खाडीचं निळं पाणी दिसतं, कडेने हिरवळ, हिरवळीवर सुरेख बाकं. बाकांवर कुणी नाही, कारण उन्हाळा सुरू झाला होता आणि बाहेर तव्यासारखं तापलेलं. तिथे लोक बाग खिडकीतून वापरतात.

दाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला पाहून अर्धवट उठले, डाव्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाले, "यल्ला!"

"बरं आहे ना दाजी?"

"हो."

"ओळखलंत का?"

"यल्ला, यल्ला."

यल्ला म्हणजे चला, आटपा. कारखान्यात कामगारांना इतकी वर्षं सकाळपासून हेच म्हणत आले. झटक्याने पाचही भाषा नेल्या आणि हा एक शब्द मागे ठेवला. दुसरा राहिला तो 'हो'. पाणी हवं असलं की यल्ला. चहात साखर कमी पडली की यल्ला. टीव्हीवर कुणी झेल सोडला की यल्ला. सूर तेवढा बदलायचा. सगळे सूर अक्काला कळतात, असं अक्काचं म्हणणं होतं. विचारलेला प्रश्न दाजींपर्यंत पोचायच्या आत तिचं उत्तर आलेलं असायचं.

"दाजी, जेवलात का?"

"जेवले. भाकरी आणि मुगाची आमटी. वांगं नको म्हणाले," अक्का म्हणाली.

कसं म्हणाले, ते मी विचारलं नाही.

मंदारची मुलगी अनया सहावीत, शाळेला सुट्टी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी तिच्या वडिलांचा मामा म्हणजे तिचा मामाआजोबा. एवढा लांब शब्द तिला परवडेना, म्हणून तिने त्याचं 'एमए' करून टाकलं. मी डीएड आहे. ही बढती मी काही न बोलता स्वीकारली.

दाजींचं बोलणं परत यावं म्हणून दवाखान्यातून एक ॲप दिलं होतं. अनयाने टॅबवर ते मला दाखवलं. पडद्यावर चित्र येतं, एक बाई विचारते हे काय आहे, आपण सांगायचं, मग तारा मिळतो. बाई इंग्रजीत बोलायची, बटण दाबलं की हिंदीत. हिंदी फार शुद्ध होती. एका चित्रात टोपी घातलेला बर्फाचा माणूस होता. बाई म्हणाली, "हिममानव." सगळं आयुष्य तासगाव आणि शारजात काढलेल्या माणसाला हा शब्द कधी लागला असेल, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात मला खोकला आला. बाईने मला तारा दिला.

ॲपला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आमच्या शाळेलाही एकदा टॅब मिळाले होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून कपाटात ठेवले, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते अतिशय सुरक्षित होते.

करामा

सुट्टीच्या दिवशी हनीफभाई आम्हाला दुबईत करामाला जेवायला घेऊन गेले. हनीफभाई मूळचे दापोलीकडचे, दाजींचे कारखान्यातले भागीदार. दाजींना झटका आला तेव्हा त्यांनीच गाडी हाकून दवाखाना गाठला होता. ते स्वतः हे सांगत नाहीत, अक्का सांगते.

करामा बघून मला हायसं वाटलं. इमारती बुटक्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, खाली इडलीची, शिंप्याची, मोबाइलची दुकानं. ज्या हॉटेलात गेलो तिथे मिसळ, थालीपीठ, पियूष, सगळं होतं. वाढणारा पोरगा नेपाळचा होता आणि 'कोथिंबीर वडी' हा शब्द माझ्यापेक्षा वेगाने म्हणत होता.

हनीफभाई गाडीला जागा शोधायला गेले. अक्का अनयाला घेऊन हात धुवायला गेली. टेबलापाशी दाजी आणि मी दोघंच. वेटरने वयाचा मान राखून दाजींना विचारलं, "साब, मिसल?"

"हो," दाजी म्हणाले.

"थालीपीठ?"

"हो."

"साबुदाना वडा? कोथिंबीर वडी? पियूष?"

"हो. हो. हो."

मी मध्ये पडलो नाही. त्यांचा मुलूख, मी पाहुणा. शिवाय आजारी माणसाला भूक लागली याचा मला आनंद झाला होता. पदार्थ यायला लागले तसे शेजारचं टेबल ओढून जोडावं लागलं. हनीफभाई आले ते दारातच थबकले. "कुणाचा वाढदिवस आहे?"

अक्का परत आली. "हे कुणी मागवलं?"

"दाजींनी."

"मिसळ? तिखट बंद आहे त्यांना, त्यांना माहीत आहे!"

मी दाजींकडे पाहिलं. ते समोरच्या ताटल्यांकडे असे बघत होते, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या आहेत. "यल्ला," ते पुटपुटले. झेल सुटल्यावरचा सूर होता तो.

हनीफभाईंनी आणि मी जमेल तेवढं संपवलं. बाकीचं बांधून घेतलं. अक्काने बिलाचा आकडा आधी दिरहममध्ये सांगितला, मग खास माझ्यासाठी रुपयांत. त्यानंतर मला पियूष गेलं नाही.

दवाखान्यात

दोन दिवसांनी दाजींचा वाचेचा तास होता. शिकवणारी रीम नावाची जॉर्डनची तरुण बाई. तिला मराठी येत नव्हती आणि तिने ते सुरुवातीलाच सांगितलं, त्यामुळे मला ती आवडली. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. मी इंग्रजी शिकवलंय, बोललेलो नाही. तरी निभावलं. मी पहिलीचा मास्तर होतो हे कळल्यावर ती म्हणाली, "मग आपण एकाच कामातले."

गंमत म्हणून मी तिला हॉटेलातला प्रसंग सांगितला. ती हसली नाही.

"त्यांचा हो म्हणजे खरंच हो असतो का, हे कुणी तपासलंय?" तिने विचारलं.

मला कळेना. ती शांतपणे समजावत गेली. या आजारात मनात एक असतं आणि तोंडातून दुसरंच येतं. हो आणि नाही यांची तर फार गल्लत होते. तिला हे मराठीत तपासायचं होतं, पण त्यासाठी घरच्यांची मदत लागते. आणि घरचे, असं म्हणत तिने अक्काकडे पाहिलं, फार लवकर उत्तर देतात. मग तिने अक्काला जरा वेळ बाहेर बसायची विनंती केली.

"मी? बाहेर?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाली. पण गेली.

मी दाजींसमोर खुर्ची घेतली. "दाजी, तुमचं नाव विलास?"

"हो."

"तुमचं नाव रमेश?"

"हो."

"आपण आत्ता तासगावात आहोत?"

"हो."

काय विचारावं सुचेना म्हणून मी रीमकडे बोट केलं. "ही तुमची बायको आहे?"

"हो," दाजी म्हणाले. आणि म्हणाल्याबरोबर त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी डाव्या मुठीने स्वतःच्या गुडघ्यावर जोरात मारलं, पुन्हा मारलं. आपण चुकीचं बोललो हे त्यांना ऐकू आलं होतं. आजपर्यंत प्रत्येक वेळी ऐकू येत असणार. मिसळ मागवतानाही.

मला एकदम अक्काचा फोन आठवला. सगळ्यांदेखत हो म्हणाले. त्या एका शब्दावर तीन तिकिटं निघाली होती.

माझ्या खिशाला अजून लाल पेन असतं. निवृत्तीनंतर त्याला काही काम नाही, पण खिसा मोकळा बरा वाटत नाही. मी रीमकडून कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, २ + २ = ५. पेन दाजींच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भलीमोठी फुली मारली.

२ + २ = ४. बरोबरची खूण.

तुमचं नाव रमेश. फुली.

ही तुमची बायको. फुली, आणि जरा विचार करून खाली रेघ.

रीमने टाळी वाजवली. म्हणाली, छोटी वाक्यं त्यांना वाचून नीट कळतायत, ही मोठी गोष्ट आहे. रोज हेच करा. आणि लहानपणी घोकून पाठ केलेलं काही असेल तर तेही म्हणून घ्या, ते मेंदूत वेगळ्या जागी असतं.

गावाचा प्रश्न मी त्या दिवशी कागदावर लिहिला नाही. एका परीक्षेवरून मुलाला येतं असं धरायचं नाही, हा माझा नियम. शिवाय अक्का बाहेरच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती आणि तिला तोंड कसं द्यायचं हे मी ठरवलेलं नव्हतं.

सकाळचा वर्ग

दुसऱ्या दिवसापासून नाश्ता झाला की दाजींचा वर्ग भरायचा. घोकून पाठ केलेलं म्हटलं की मला पाढ्यांपलीकडे काही सुचत नाही. मी सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे..."

"चार," दाजी म्हणाले. "बे त्रिक सहा, बे चोक आठ..." आणि थेट बे दाहे वीसपर्यंत धडधडत गेले. अक्का पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मंदार ऑफिसला निघाला होता, तो बूट हातात घेऊन उभा राहिला.

मी त्यांना आवरलं. पाढा म्हणता येणं म्हणजे पाढा येणं नव्हे. माझ्या वर्गात अशी पुष्कळ मुलं होऊन गेली. पाढा संपल्यावर मी चहाचा कप पुढे धरून विचारलं, "हे काय?" दाजींनी बराच वेळ तोंड हलवलं. "यल्ला," म्हणाले आणि मान फिरवली.

अनया हे सगळं सोफ्यावरून बघत होती. तिने मोबाइलला विचारलं की अशा माणसाला बोलायला कसं शिकवायचं. मोबाइलने मुद्दे सांगितले. घाई करू नका. वाक्य त्याच्याऐवजी तुम्ही पूर्ण करू नका. त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तू घ्या. मला त्यात चुका काढायच्या होत्या. एकही सापडली नाही. "आजीला वाचून दाखव," मी म्हटलं.

"आय डिड," अनया म्हणाली. "शी सेड फोनला काय कळतंय."

मग तीच म्हणाली, "एमए, धिस ॲप इज सो डम्ब. स्नोमॅन! आय कॅन मेक अ बेटर वन." शाळेत त्यांना हे शिकवतात म्हणे. चित्र, त्यावर आवाज, दाबलं की पुढचं चित्र. फक्त चित्रं दाजींच्या ओळखीची हवीत.

म्हणून आम्ही कारखान्यात गेलो.

इंडस्ट्रियल एरिया

शारजाच्या या भागात पर्यटकाने येण्यासारखं काही नाही. पत्र्याच्या शेड, ट्रक, गरम हवेत उडणारी वाळू आणि भुसा. झटक्यानंतर दाजी पहिल्यांदाच इथे येत होते. अक्काचा विरोध होता, पण हनीफभाई म्हणाले, "भाभी, अर्धा तास. मी आहे ना."

आत शिरल्यावर मशीन एकेक करून थांबली. कामगार बहुतेक बिहारचे आणि बांगलादेशचे, रोज मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून बसने येणारे. ते हात पुसत पुढे आले. कुणी खुर्ची आणली. दाजी बसले नाहीत. पाय ओढत ते एका तयार कपाटापाशी गेले आणि दाराच्या कडेवरून डावं बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"यल्ला," ते हनीफभाईंकडे बघून म्हणाले.

"दिसलं मला. पट्टी सुटलीय. आजच करून घेतो, विलासभाई."

हा सूर मी घरी ऐकला नव्हता. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. अनयाने रंधा, पटाशी, करवत, हातोडी, खिळे, फेव्हिकॉलचा डबा, सगळ्यांचे फोटो काढले. दाजी एकेक वस्तू उजेडात नीट ठेवून देत होते. निघताना त्यांना गाडीत बसवायला दोघं लागले. अंगात ताकद नव्हती असं नाही. त्यांना यायचं नव्हतं.

घरी आल्यावर आवाज भरायचं काम. मी घसा साफ केला, पण अनया म्हणाली, "नो, आजोबा लाइक्स माय व्हॉइस." म्हणून प्रत्येक शब्द मी आधी म्हणायचा आणि मागून तिने. रंधा जमला. पटाशी जमली. अडलं ते खिळ्यापाशी. तिच्या जिभेला 'ळ' माहीतच नव्हता. मी जीभ कशी वळवायची ते तोंड उघडून दाखवलं. ती म्हणाली, "ईऽऽ." शेवटी 'खिला' असंच भरलं गेलं. पहिलीच्या वर्गात हे मी चालू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या पुढ्यात टॅब ठेवला. रंधा आला, गेला. दाजींनी तोंड हलवलं, आवाज नाही. करवत गेली. मग खिळ्याचा फोटो आला आणि अनयाचा आवाज, "हा खिला आहे."

दाजींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी परत दाबलं.

"हा खिला आहे."

"खिळा," दाजी म्हणाले.

स्वच्छ. पुरा 'ळ'. चूक ऐकल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून निघेल तसा.

अनयाने मान वर केली. "व्हॉट?"

"खिळा!" दाजी तिच्यावर जवळजवळ ओरडले.

"खिला," अनया म्हणाली.

"खि-ळा."

"खिल्ला."

"खिळा! खिळा!"

अक्का पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली, तोंड उघडलं, आणि मी वर्गात करायचो तसा हात वर केला. अक्का गप्प राहिली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. दाजी नातीला एक अक्षर शिकवत होते आणि नातीला ते येत नव्हतं, त्यामुळे त्यांना पुन्हापुन्हा म्हणावं लागत होतं. माझी सगळी नोकरी मुलांच्या चुका काढण्यात गेली. चुकीचा असा उपयोग असतो हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे अनया 'हातोरी' म्हणाली, 'पताशी' म्हणाली. पटाशी तिला आदल्या दिवशी नीट येत होती.

सगळं एकदम सुधारलं असं कुणी समजू नये. एखाद्या दिवशी तीनचार शब्द यायचे, दुसऱ्या दिवशी नुसतं यल्ला. पण लाल पेन मात्र चुकत नव्हतं. रोज पाचसहा वाक्यं मी लिहायचो, दाजी खुणा करायचे. सगळ्या बरोबर.

प्रश्न

निघायचा दिवस जवळ आला. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या. मंदार जमिनीवर बसून वजनं करत होता. हीच वेळ होती.

"मंदार, दाजींना एक प्रश्न विचारायचा राहिलाय," मी म्हटलं. कागदावर लिहिलं, *गावाला कायमचं जायचं.* आणि पेन दाजींना दिलं.

त्यांनी बराच वेळ वाचलं. मग फुली मारली.

मंदारने कागद हातात घेतला. "पण बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

"हो," दाजींचं तोंड म्हणालं. आणि हाताने कागद ओढून घेऊन पहिल्या फुलीवर दुसरी फुली मारली, इतकी जोरात की कागद फाटला.

रीमने सांगितलेलं सगळं मी मंदारला सांगितलं. तो बॅगेला टेकून बसला. म्हणाला, "मामा, म्हणजे इतके दिवस आम्ही त्यांच्याशी बोलतच नव्हतो."

अक्का दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "झालं तर," ती म्हणाली. "लावा सामान परत कपाटात. मी कुकर लावते."

"यल्ला," दाजी म्हणाले. सूर हळू होता. त्यांनी शेजारची जागा थोपटली. अक्का येऊन बसली. दाजींनी फाटलेला कागद तिच्या मांडीवर ठेवला, तेच वाक्य बोटाने दाखवलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"मला कशाला?" अक्का म्हणाली. "मला बोलता येतंय."

दाजींनी परत वाक्यावर बोट ठेवलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं. तिच्याऐवजी उत्तर देणारं तिथे कुणी नव्हतं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "कायमचं नाही. पण जायचंय. झटका त्यांना आला, बोलावं मला लागतं, दोघांचं. दवाखान्यात, इन्शुरन्सला, शेजारी, फोनवर. दुपारी पडले तरी कान त्यांच्या यल्लाकडे. मी दमलेय रे मंदार. मला थोडे दिवस कुणाचंच बोलायचं नाहीये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाटलं, त्यांना जायचंय म्हटल्यावर मलाही जाता येईल."

तिने 'कायमचं' हा शब्द खोडला आणि उरलेल्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. पहिलीतल्या मुलीसारखी, काळजीपूर्वक.

दाजींनी ती खूण पाहिली. "हो," म्हणाले.

हा खरा हो होता की नुसता, हे आम्हाला कुणालाच ठरवता येईना. अनया सोफ्यावरून उतरली. "चेक करूया," म्हणाली. मराठीत. आजीच्या हातातलं पेन काढून तिने आजोबांना दिलं. दाजींनी अक्काच्या खुणेशेजारी दुसरी खूण केली.

परत

एक तिकीट रद्द झालं. दाजींची व्यवस्था त्याच संध्याकाळी लागली. सकाळी घरूनच काम करत मंदार, दुपारी दोन तास हनीफभाईंबरोबर कारखाना, संध्याकाळी अनया आणि तिच्या चुका. रीमचे तास चालू. अक्का दोन महिन्यांसाठी माझ्याबरोबर.

विमानात हवाई सुंदरीने मला विचारलं, चहा घेणार की कॉफी. "त्याला चहा, बिनसाखरेचा," अक्का म्हणाली. सवय एका दिवसात जात नाही.

गावी आल्यावर पहिला आठवडा ती रोज दुपारभर झोपली. उठवायचं नाही असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. शेजारच्या बायका तिकडच्या गप्पा ऐकायला आल्या, तर ती त्यांना म्हणाली, "दत्ताला विचारा." म्हणून मला उंच इमारतीचा प्रश्न इतक्यांदा ऐकावा लागला.

दाजींचा व्हिडिओ कॉल रोज येतो. सुरुवातीला मंदारच बोलायचा आणि दाजी नुसते दिसायचे. आता मंदार फोन लावून देतो आणि उठून जातो. 'चहा' येतं, 'अनया' येतं, 'बरंय' येतं. कधी काहीच येत नाही, मग दोघं एकमेकांकडे बघत बसतात. तेही चालतं.

काल अक्का ओट्यापाशी मेथी निवडत होती. फोन डब्याला टेकवून ठेवला होता. दाजी पडद्यावर आले आणि काही सांगायला लागले. ओठ जुळायचे, सुटायचे. मान हलायची. कपाळावर घाम दिसत होता. मला राहवेना. मी शब्द सुचवायला तोंड उघडलं, तर अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"ये," दाजी म्हणाले.

मी अक्काकडे पाहिलं. ती खाली मान घालून मेथी निवडत होती.

"काय म्हणालात?" तिने विचारलं. "ऐकू आलं नाही. इथे रेंज नाहीये."

फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.

"ये," दाजी मोठ्याने म्हणाले.

अक्काने हात पदराला पुसले, फोन उचलून कानापाशी धरला आणि म्हणाली, "परत म्हणा."